डावा कर्णा

दिवाळीचे आकाशकंदील उतरायच्या आत कारखान्याचा बॉयलर पेटतो आणि आमच्या खिडकीची काच बोलायला लागते. ट्रॅक्टर अजून पुलापलीकडे असतो. तो दिसत नाही, त्यावरच्या गाण्याचे शब्द कळत नाहीत, पण काच थरथरते. आधी बास येतो, मग गाणं, मग इंजिन, मग उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या डुलत येतात. सगळं पुढं निघून गेलं की मागं ओल्या उसाचा कच्चा वास रेंगाळतो. वारा कारखान्याकडून असला तर त्यात मळीचा आंबूसपणा मिसळतो. आमच्या भागात ह्या दिवसांना कोणी हिवाळा म्हणत नाही. हंगाम हा शब्दही भाषणात. आम्ही म्हणतो सीझन. "सीझन झाला की बघू" म्हणून इथं स्लॅब, बारशी आणि भांडणंसुद्धा पुढं ढकलली जातात.

मीही एक गोष्ट अशीच ढकलत आणली.

सून म्हणते, "तात्या, खिडकी लावून घ्या की. डोकं उठतंय." मी लावत नाही. फौजेत मी सिग्नलमध्ये होतो. तिथून सुटून आल्यावर उंब्रजात हायवेच्या कडेला रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं. ह्या रस्त्यावरच्या ट्रॅक्टरांवर वाजणारी पहिली यंत्रं मी बसवली आहेत. आज जी वाजतात ती नव्या पोरांची, पण एका अर्थानं माझ्या यंत्रांची नातवंडंच. आपल्या नातवंडांचा दंगा आपण नाही सोसायचा तर कोणी?

यंदाच्या सीझनला मात्र माझ्या टेबलावर अगदी उलट्या जातीची वस्तू आहे. मुठीत मावेल एवढी डबी. एका बाजूनं मोबाइलची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूनं हेडफोनची बाहेर येते. मोबाइलमधला आवाज हेडफोनला नीट पेलवत नाही, म्हणून मध्ये हा छोटा अॅम्प्लिफायर. खिशात राहतो, बॅटरीवर चालतो, आणि जगात एकाच माणसाला ऐकवतो. आयुष्यभर गावाला ऐकू जाईल अशी यंत्रं केलेल्या माणसाला हे एकाच माणसाचं यंत्र करायला फार जड गेलं.

तो एक माणूस म्हणजे निवास. शाळेपासूनचा माझा सोबती. नदीकाठाला त्याचा ऊस आहे, आणि अंगात ताकद होती तोवर तो स्वतःच्या ट्रॅक्टरवर स्वतःच बसायचा. आता ट्रॅक्टर मुलाकडं आणि निवास पडवीतल्या खुर्चीत. कान गेलेले. म्हणजे पुरते नाहीत, पण पुरते गेलेले परवडले म्हणायची पाळी यावी असे.

"काल ह्यास्नी म्हटलं, पोष्टमन आला," लीलावहिनी मला सांगत होत्या, "तर म्हणत्यात, कोण मेला? आवं, निम्मी वाडी मारून टाकली ह्यांनी बसल्या जागी!"

"काय म्हणती ही?" निवासनं मला विचारलं.

"तुझं कौतुक करत्यात!" मी ओरडलो.

"वरडतोस कशाला? मी काय बहिरा हाय व्हय?"

ही थट्टा वाटते, पण तो खरंच बोलत होता. अशा कानांना आवाज कमी येत नाही, शब्द कमी येतो. स, च, ट, फ ही बारीक अक्षरं कानाच्या उंबऱ्यावरच गळून पडतात आणि आत जातात ते नुसते आकार-ओकार. साखरेतला स गेला की राहतं ते कशाला गोड लागणार? अशा माणसापुढं ओरडलं की आकार-ओकार तेवढे मोठे होतात, कानठळ्या बसतात, आणि गळलेलं अक्षर गळलेलंच राहतं. त्याला मोठा आवाज नको असतो, स्वच्छ हवा असतो. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्पीकर विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक विचारायचं, "वाजतोय का?" ऐकू येतंय का, असं कोणी विचारलेलं आठवत नाही. मीही कधी सांगायला गेलो नाही.

कऱ्हाडच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासून कानात घालायचं मशीन दिलं होतं. निवासनं ते देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं.

"घाल की लेका," मी कागदावर लिहून दाखवलं.

"प्राजीचं बघाय लागल्यात," तो म्हणाला. प्राजक्ता त्याची नात, मुलाची मुलगी, नर्सिंग शिकलेली. "कानात मशीन दिसलं की पावण्यांना आयतंच सापडलं."

ऐकू येत नाही हे तसंही कळतंच की, असं मी हातवारे करून म्हटलं.

"न ऐकणारा म्हातारा चालतो गड्या. म्हाताऱ्यांनी ऐकूच नये. पर मशीनवाला चालत न्हाई. मशीन म्हंजे रोग. रोग म्हंजे घराणं."

घराणं. हा शब्द त्यानं अगदी सहज वापरला. मी चहाच्या कपात बघत राहिलो.

हेडफोनला मात्र त्याची हरकत नव्हती. डोक्यावर हेडफोन घालून ट्रॅक्टर हाकणारी पोरं तो रोज बघतो. "ते घातलं तर लोक म्हणतील म्हातारं रंगेल हाय," तो म्हणाला आणि खुशीत हसला. तिथून हे डबीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. बाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, कानातल्या मशीनची सर त्याला येणार नाही, आवाज मात्र ताब्यात ठेवा. पण खणातल्या मशीनपेक्षा डोक्यावरचा हेडफोन बरा.

मग मी डब्या मागवायला लागलो. पहिली आली ती काळ्या धातूची, देखणी, गार. मी स्वतः लावून बघितली आणि डोळे मिटले. काय तो बास! जुन्या गाण्यातला ढोलक पोटात वाजला. निवासला लावली तर त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "गिरणी चालू झाल्यागत वाटतंय. बाई गाती का बाप्या?" ज्या खालच्या आवाजानं मी खूश झालो, त्याच घुमाऱ्याखाली त्याची उरलीसुरली अक्षरं गाडली जात होती. दुसरी डबी हलकी होती, वाजायचीही स्वच्छ, पण गाणं थांबलं की तिच्यातून बारीक सूं येत राहायचा. "ह्यात तर माझ्या कानातलंच किडं हायत," निवास म्हणाला. त्याच्या कानात कायम रातकिडे वाजतात. सूं करणारी डबी त्या किड्यांना सोबत देत होती. तीही परत.

तिसरी मी निवडली, तिला कुणी देखणी म्हणणार नाही. साधी प्लॅस्टिकची पेटी, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. निवडली ती एवढ्यासाठी, की स्क्रू काढले की ती उघडत होती. आतली आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, सोल्डर केलेली नव्हती, खाचेत बसवलेली होती. एक उपसून दुसरी लावता येत होती. बंद डबी म्हणजे दुसऱ्यानं ठरवलेला आवाज. मला निवासच्या कानाच्या मापाचा आवाज हवा होता. शिंप्याकडं कापड नेतात तसं मी ते सर्किट पुढ्यात घेतलं. येणाऱ्या वाटेवरचा कपॅसिटर लहान केला, तेव्हा खालचा घुमारा दारातच अडला. बारीक अक्षरांना हात देऊन वर उचलणारी जोडणी केली. तीन-चार आयसी बदलून पाहिल्या. एक फार कोरडी, एक गोड पण आळशी. शेवटी जी राहिली तिच्यात गायिकेचा श्वास ऐकू यायचा आणि गाणं थांबलं की खरंच शांत व्हायचं. कितीही पिळलं तरी ठरावीक मर्यादेपलीकडं आवाज जाणार नाही असा रोधही घातला. आणि समोरचं बोलणं ऐकू यावं म्हणून शर्टाच्या खिशाला अडकवायचा हरभऱ्याएवढा माइक. एक बटण : अलीकडं गाणं, पलीकडं बोलणं.

हे सगळं करताना हाताला एक जुनी सवय आठवत होती. हेच हात, हाच सोल्डरचा धूर, हाच निवास.

तो सीझन मला वासासकट आठवतो. निवासनं नवा ट्रॅक्टर घेतला होता. बॉनेटवरचा हार सुकला तरी काढला नव्हता. कारखान्याच्या अड्ड्यावर ट्रॅक्टरांची रांग लागायची, वजनाला नंबर येईतो दिवस दिवस जायचा. चुलीचा धूर, पाचटाचा जाळ, चिखलात उसाच्या चिपाडांचा गालिचा. त्या रांगेत टेपची लढत चालायची. ज्याच्या टेपपुढं दुसऱ्याचं गाणं ऐकू येणार नाही तो जिंकला. निवास दुकानात आला आणि काउंटरवर थाप मारून म्हणाला, "शामा, असं बसव की पार रहिमतपूरकरांनी नांगी टाकली पायजे."

मी बसवलं. मडगार्डावर दोन कर्णे, डावा आणि उजवा. आज लिहिताना वाटतं, आपल्या भाषेनं किती आधी सांगून ठेवलं होतं. कर्ण म्हणजे कान, आणि कर्णा म्हणजे कानाशी बोंबलणारा. दोघांत फक्त एका कान्याचा फरक.

आठवड्यानं निवास परत आला. "सगळ्या अड्ड्याला ऐकू जातंय, पर मला माझं ऐकू येत न्हाई. इंजिनच वाजतंय नुसतं. एक कर्णा आत फिरव की."

उजव्या बाजूला सायलेन्सर होता, म्हणून मी डावा कर्णा आत फिरवला. त्याच्या सीटकडं. कर्ण्याचं तोंड आणि त्याचा कान ह्यांत हातभर अंतर. फौजेत आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की असल्या यंत्रापुढं कान धरायचा नाही, गेलेला कान परत येत नाही. मला ते पाठ होतं. दुकानाबाहेर आणखी ट्रॅक्टर उभे होते, त्यांच्या मालकांना निवासच्या ट्रॅक्टरसारखंच हवं होतं. मी स्क्रू आवळला.

संक्रांतीच्या सुमाराला तो म्हणाला, "कानात किडं वाजत्यात रं."

"सीझन झाला की बरं वाटंल," मी म्हणालो.

पुढं म्हणाला, "टेप बसलाय काय? आवाज मऊ येतोय." टेप बसला नव्हता. मी ट्रेबल वाढवून दिलं. त्याला जसं कमी ऐकू यायला लागलं तसा मी आवाज वाढवत गेलो, आणि प्रत्येक वेळी तो खूश होऊन गेला. माझ्या दुकानापुढं त्या वर्षी जागा नव्हती.

आता डबीवर परत येतो. ती जवळजवळ झाली होती. शेवटचं काम दोन कानांचा तोल साधायचं. आवाजाचं एकच बटण असलं की दोन्ही कानांना सारखा आवाज जातो. निवास म्हणाला, "सगळं उजवीकडनंच येतंय." म्हणून मी डाव्या-उजव्याला वेगवेगळी बटणं बसवली. त्याला म्हटलं, गाणं कपाळाच्या मध्यावर येईपर्यंत फिरव. तो फिरवत राहिला. उजवं बटण थोडंसं, डावं मात्र फिरतंच राहिलं. गाणं मध्यावर आलं तेव्हा डावं बटण जवळजवळ टोकाला टेकलं होतं.

आजवर मी स्वतःला एक सांगत आलो होतो : इंजिन. ट्रॅक्टर चालवणाऱ्या सगळ्यांचेच कान जातात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "फार आवाजात काम केलंय का?" निवासला प्रश्न ऐकू आला नव्हता, मीच उत्तर दिलं, "ट्रॅक्टर चालवायचा." पण सायलेन्सर उजवीकडं होता. इंजिननं नेला असता तर उजवा कान आधी गेला असता. माझ्या हातांनी केलेल्या त्या दोन बटणांनी मला सरळ दाखवून दिलं की कुठला कान कुणी नेला.

एवढंच असतं तर एका मित्राचा कान, एवढ्यावर भागलं असतं. पण निवासला सुनंदा नावाची मुलगी आहे. त्या सीझननंतर काही वर्षांनी तिला तासगावकडचं स्थळ आलं. द्राक्षबागा, शिकलेला मुलगा, सगळं जमत आलेलं. आमच्याकडे सोयरीक ठरण्याआधी पाहुणे गावात चौकशी करतात, आणि ती घरात नाही, रस्त्यावरच्या दुकानात करतात. मुलाचा चुलता माझ्या दुकानात आला. सेल घेतले, चहा घेतला, मग विचारलं.

"पोरीचा बाप लय कमी ऐकतोय. एवढ्या तरण्या वयात? घराण्यात हाय का?"

मी म्हणू शकत होतो, नाही, माझ्या कर्ण्यानं झालं. पण बाहेर ट्रॅक्टर उभे होते. मी म्हणालो, "त्याच्या आज्यालाबी कमी ऐकू यायचं म्हणत्यात."

ते खरं होतं. निवासचा आजा नव्वदीत बहिरा झाला होता. नव्वदीत कोण होत नाही? मी खोटं बोललो नव्हतो. एक खरी गोष्ट पुढं ढकलून दुसरी खरी गोष्ट तिच्यामागं लपवली होती. चुलत्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि "बरं झालं सांगितलंत" म्हणाला. तासगावकर परत आले नाहीत. कारणही त्यांनी सांगितलं नाही, पण असलं कारण सांगावं लागत नाही, ते आपोआप पसरतं. मग प्रत्येक स्थळ आधी कानाबद्दल विचारायला लागलं. शेवटी सुनंदाला माण तालुक्यात दिली, दहिवडीपलीकडं, बिजवराला. नवरा मुंबईला कामाला, ही शेळ्या-मेंढ्या घेऊन गावाकडं. पाटाच्या पाण्यात पाय बुडवून वाढलेली पोर टँकरची वाट बघायला शिकली.

तिच्या लग्नाहून परत येताना एसटीत मी निवासच्या शेजारी बसलो होतो. डाव्या बाजूला. बस खडखडत होती, बाहेर खुरटी रानं मागं जात होती. मी त्याला सगळं सांगितलं. कर्णा, तासगावचा चुलता, आजा, सगळं. त्यानं माझ्याकडं वळून मान हलवली आणि म्हणाला, "व्हय. पाऊसच कमी हाय हिकडं."

मी कोणत्या बाजूला बसतोय हे मला माहीत होतं. तरीही पुढची सगळी वर्षं मी मनाशी म्हणत आलो, आपण त्याला सांगितलं आहे. त्याला ऐकू आलं नाही, एवढंच.

म्हणून ह्या डबीचं काम संपेना. तोल जमला होता, तरी मी म्हणायचो, बटण जरा कडक आहे, बदलतो. वायर बदलली. मग पेटीला आतून कापड लावलं. निवास वैतागला. "आरं, पंचांग बघून देणार हायस का काय? पावणं येत्यात रविवारी. पलूसचं हायत." मला कळत होतं की मी काय करतोय. त्याला ऐकू येत नाही तोवर मला सांगता येत नव्हतं, असं माझं म्हणणं. आणि ते म्हणणं मीच स्क्रूड्रायव्हर घेऊन संपवत आणलं होतं.

बुधवारी दुपारी डबी घेऊन गेलो. पडवीत त्याला हेडफोन घातला, माइक खिशाला लावला, बटण बोलण्याकडं केलं. आतून लीलावहिनी स्वतःशीच पुटपुटल्या, "झालं आता ह्या दोघांचं पोरखेळ सुरू."

"ऐकलं म्या," निवास म्हणाला.

वहिनी दारात आल्या. "काय ऐकलंत?"

"पोरखेळ म्हणालीस. ख बी ऐकला."

त्यांनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की काय ते मला दिसलं नाही. निवास माझ्याकडं बघत होता, पाठ केलेला धडा म्हणून दाखवणाऱ्या मुलासारखा. "बोल की काहीतरी," तो म्हणाला. "तुझा आवाज किती वर्सांनी असा येतोय. बोल."

मी म्हणालो, "निवास, तुझा डावा कान माझ्या कर्ण्यानं गेला. तुझ्या आज्याचा त्यात काय संबंध न्हाई. सुनंदाचं तासगावचं पावणं चौकशीला दुकानात आलं हुतं. मला सगळं ठावं हुतं, आन् मी आज्याचं नाव घेतलं."

त्यानं डाव्या बटणावर अंगठा ठेवला. "परत बोल."

मी परत बोललो. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

त्यानं बटणावरचा अंगठा उचलला. मग म्हणाला, "कर्णा आत फिरव म्हणून मीच म्हटलं हुतं."

"तुला ठावं न्हवतं. मला हुतं."

"आज्याला शिव्या घालत आलो रं मी," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला. दर सर्वपित्रीला नैवेद्य दाखवायचा, आन् मनात म्हणायचं, ह्यानं माझ्या पोरीचं वाटोळं केलं."

वहिनी दारातच खाली बसल्या होत्या. निवासनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "सुनंदीला लाव. वायर ह्यात घाल. मला ऐकू आलं पायजे, ती काय म्हणती ते."

मी वायर लावली, बटण फिरवलं, नंबर लावला. निवास मोबाइलजवळ वाकून म्हणाला, "सुनंदे, मी बोलतोय. व्हय, येतंय ऐकू. समदं येतंय. थांब, शामतात्यांना काय सांगायचंय."

मी सांगितलं. तिसऱ्यांदा. आणि सांगून झाल्यावर लक्षात आलं की तिचं बोलणं मला ऐकू येणार नाही. ते वायरीतून, माझ्या डबीतून, थेट निवासच्या कानात जात होतं. ती बोलत होती, ओरडत होती, रडत होती की गप्प होती, मला कळायला मार्ग नव्हता. मी फक्त त्याच्या चेहऱ्याकडं बघू शकत होतो. तो ऐकत होता. एकदा त्यानं डोळे मिटले. एकदा "व्हय" म्हणाला. मग बऱ्याच वेळानं पुन्हा "व्हय". त्या पडवीत त्या वेळी बहिरा कोण होता, हे मी वेगळं सांगत नाही.

फोन ठेवल्यावर मी बटण परत बोलण्याकडं केलं आणि विचारलं, "काय म्हणाली?"

"रविवारी येती म्हणाली. म्हणती, माझ्यादेखत सांगा म्हणावं पावण्यांना." बाकी ती काय बोलली ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

रविवारी सुनंदा दहिवडीच्या गाडीनं आली. केस पिकले आहेत, चेहरा उन्हानं रापला आहे. मला बघून पदर सावरला, वाकली मात्र नाही. चटईवर बापाच्या डाव्या बाजूला बसली. पलूसचे पाहुणे आले. मुलगा, आईवडील, मामा. पोहे झाले, प्राजक्ता येऊन बसली, नोकरीचं, पगाराचं, रजेचं बोलून झालं. मामाची नजर निवासच्या हेडफोनवर दोनदा गेली. त्यानं विचारण्याआधी मी उभा राहिलो.

उभं राहून बोलायची गरज नव्हती, पण बसून बोललो असतो तर आवाज खाली गेला असता. मी म्हणालो की ह्या घरात कुणाच्याही रक्तात बहिरेपण नाही. ह्या माणसाचे कान आवाजानं गेले. ते इंजिनाचं काम असेलही थोडं, पण डावा कान माझ्या कर्ण्यानं गेला, हातभर अंतरावरून, मला कळत असताना. आणि ही सुनंदा, हिचं ठरत आलेलं लग्न माझ्या दुकानात मोडलं. त्या वेळी चौकशीला आलेली माणसं आज हयात आहेत की नाहीत, ठाऊक नाही. असतील तर हे त्यांनाही सांगायचं आहे. म्हणून लिहितोही आहे.

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला आणि त्याचं गाणं भिंतीतून आत आलं. ते गेल्यावर मामा हसून म्हणाला, "जाऊ द्या वो तात्या. कशाला मनाला लावून घेताय? आता असलं कोण बघतंय?"

सुनंदानं मान वर केली नाही. आवाजही चढवला नाही. चटईची सुटलेली काडी बोटानं आत सारत म्हणाली, "तवा बघितलं हुतं."

निवासनं तिच्याकडं मान वळवली. त्यातलं एकही अक्षर त्याच्या कानातून गळलं नव्हतं.